नाव घातलेली भेट

पुढच्या महिन्यात वसईला एका बाप्तिस्म्याला जायचं आहे. कॉलेजपासूनच्या मित्राची पहिली लेक. काय न्यायचं, यावर आमच्या घरात आठवडाभर खल चालू आहे. बारसं असतं तर इतकं बोलणं झालंच नसतं. चांदीचे वाळे, झबलं-टोपडं, नाहीतर पाकिटात पाचशेची नोट आणि वर एक रुपया. ती वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. बाप्तिस्म्याची वाट माझ्या पायाखालची नाही. म्हणून ती कुठून आली ते वाचायला बसलो आणि वाचता वाचता वस्तू मागे पडली. ती देणारा बाळाचा कोण लागतो, हा प्रश्न पुढे आला.

कॅथलिक चर्चमध्ये बाळाला एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, फार तर दोघं, एवढेच असतात. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही मर्यादा घातली. त्याआधी इटलीतल्या शहरांत एकेका बाळामागे कितीतरी धर्मपिते उभे राहत, कारण त्या निमित्ताने व्यापारी, वकील, शेजारी, सगळ्यांशी घरोबा जोडता येई. तो नुसता घरोबा नव्हता, रीतसर नातं होतं. सम्राट जस्टिनियनने ५३० साली धर्मपित्याला त्याच्या धर्मकन्येशी लग्न करायला बंदी केली, आणि कॅथलिक कायद्यातून ही अडचण निघून गेली ती थेट १९८३ च्या संहितेत. इंग्रजीतला ‘गॉसिप’ हा शब्दही याच नात्यातून आला आहे. मुळात तो ‘देवाच्या नात्यातला सोयरा’ अशा अर्थाचा. बाळंतिणीच्या खोलीत जमणाऱ्या त्या सोयऱ्या बायकांच्या गप्पांवरून पुढे तो नुसत्या गप्पांना चिकटला.

म्हणजे बाप्तिस्म्याची भेट ही या नव्या सोयऱ्याची पहिली कृती. धर्मपिता स्वतः कॅथलिक असावा लागतो, तेव्हा ते नातं मला मिळणारं नाही. मी मागच्या बाकावर बसणार. मग माझ्या भेटीला आधार कशाचा?

याचं उत्तर शोधायला बाप्तिस्म्याच्याही मागे जावं लागलं. रोमन लोक मुलीचं नाव आठव्या दिवशी ठेवत आणि मुलाचं नवव्या. आपल्या बाराव्या दिवसाच्या बारशाची ही जुनी भावंडंच. लहान मुलांच्या गळ्यात छोट्या छोट्या आकृत्यांची माळ असे. ती वाजे, बाळाला रिझवी, दृष्ट टाळी. इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास प्लॉटस या नाटककाराने ‘रुडेन्स’ नावाचं नाटक लिहिलं, त्यात अशा माळेवर सगळं कथानक उभं आहे. लहानपणी पळवलेली एक मुलगी. कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या पेटीत तिची पेटी. आत काय आहे ते तिने न बघता सांगायचं. ती सांगते: सोन्याची इवलीशी तलवार, तिच्यावर बापाचं नाव, इवलीशी कुऱ्हाड, तिच्यावर आईचं नाव, आणि जन्मदिवशी बापाने दिलेला सोन्याचा ताईत. ऐकणारा म्हातारा तिचा बाप निघतो. त्याला लेक ओळखू येते ती तिच्या चेहऱ्यावरून नव्हे, खेळण्यावर कोरलेल्या दोन नावांवरून.

हे नाटक वाचल्यापासून मला आपल्या स्वयंपाकघरातली फडताळं आठवत आहेत. मराठी घरात एक तरी तांब्या, एक तरी डबा असा असतोच, ज्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत ‘चि. अमुक हिच्या बारशानिमित्त, अमुक मामांकडून’ आणि तारीख असं घातलेलं असतं. भांड्यांच्या दुकानात ते यंत्र टर्रर्र करत फिरतं आणि पोर कान टवकारून बघत राहतं. नाव घालणं हा आपला शब्द. भांडं पितळेचं असो की स्टीलचं, नाव घातल्यावर ते कुणाच्या तरी हिशेबात येतं. माझ्या आजीच्या एका गडव्यावर ज्या काकूंचं नाव आहे, त्या घरातल्या कुणीही पाहिलेल्या नाहीत. तरी सणाला तो गडवा निघाला की त्या काकूंची चौकशी होते.

इंग्लंडातली जुनी रीत पाहिली तर तिथेही सुरुवात कापडानेच झाली. बाप्तिस्मा झाल्यावर बाळाला एक पांढरं वस्त्र गुंडाळत. आई महिन्याभराने चर्चमध्ये आली की ते परत करायचं. आणि तेवढ्या महिन्यात बाळ गेलं तर त्याच वस्त्रात त्याला पुरायचं. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात हे वस्त्र आहे, १५५२ च्या पुस्तकातून ते गेलं. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांतच उरकत, तो मृत्यू असा उंबऱ्याशी असल्यामुळे. १६३१ मध्ये छापलेल्या जॉन स्टो यांच्या बखरीच्या आवृत्तीत एक नोंद आहे: एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या आरंभी आणि त्याआधी धर्मपिते चांदी देत नसत, लहानसे सदरे देत, गळ्याला आणि बाह्यांना रेशमाचं किंवा निळ्या दोऱ्याचं भरतकाम केलेले, अगदी बड्या घरचा सदराही फारसा महाग नसे. झबलं-टोपडंच हे. त्या निळ्या दोऱ्यावर मी बराच वेळ रेंगाळलो. जे बाळ महिनाभर जगेल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी कुणीतरी दिव्याच्या उजेडात बाहीवर वेलबुट्टी काढत बसलेलं आहे.

मग चांदी आली. तीही एकदम आली नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून श्रीमंतांत चांदीच्या चमच्यांची चाल होतीच. दांड्याच्या टोकाला येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाची मूर्ती. हातात किल्ली असेल तर पीटर, फुलीसारखा क्रूस असेल तर अँड्र्यू, सुरी असेल तर बार्थोलोम्यू. पूर्ण संच तेरांचा, तेरावा स्वतः गुरूचा. ज्याची ऐपत असेल त्याने सगळे द्यावेत, नसेल त्याने चार, त्याहून कमी असेल त्याने एकच, बाळाच्या नावाच्या संताचा.

चांदीच का, हे समजायला बँका नव्हत्या तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. १३०० सालच्या कायद्याने इंग्लंडात चांदीवर बिबळ्याच्या मुखवट्याचा शिक्का सक्तीचा झाला. हजारात ९२५ भाग चांदी असल्याशिवाय तो मिळत नसे. १४७८ पासून लंडनमध्ये दरवर्षीचं एक अक्षरही ठोकू लागले. बाळाच्या हातात पडलेला चमचा म्हणजे त्याची पहिली ठेव होती: शुद्धता ठरलेली, साल ठोकलेलं, अडीअडचणीला वितळवता येणारी. आपल्याकडे वाळे, कमरेची साखळी, बिंदल्या यांचा हिशेब हाच. सोनाराकडे मोड दिली की पोरीच्या लग्नाच्या दागिन्याला तेवढाच हातभार. माझ्या आईच्या वाळ्यांचं पुढे काय झालं असं विचारलं, तर ती आपल्या बांगड्यांकडे बोट दाखवते.

याच चांदीसोबत पोवळं आलं, आणि इथे आपला किनारा खरोखर या गोष्टीत शिरतो. लहान मुलांच्या अंगावर पोवळं बांधलं की त्यांचं रक्षण होतं, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं. हिंदुस्थानातले लोक पोवळ्याला तेवढंच मोल देतात जेवढं रोमन लोक हिंदुस्थानच्या मोत्यांना, हेही त्यानेच लिहिलं. सतराशे वर्षांनंतरही भूमध्य समुद्रातलं पोवळं लिव्होर्नो बंदरातून गोव्याला येत होतं आणि बदल्यात हिरे जात होते. त्याच पोवळ्याची दांडी, चांदीत बसवलेली, घुंगरं लावलेली, इंग्लंडातल्या बाळांच्या हातात दात येण्याच्या वयात दिसे. चावायला पोवळं, वाजवायला घुंगरू. खुळखुळा आणि ताईत एकाच वस्तूत.

एका फार मोठ्या भेटीची गोष्ट मात्र सोळाव्या शतकातली आहे, आणि ती ऐकवत नाही. १० सप्टेंबर १५३३ ला ग्रिनिच इथे एलिझाबेथचा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता आर्चबिशप क्रॅनमर. त्याने सोन्याचा उभा पेला दिला, नॉरफोकच्या म्हाताऱ्या डचेसने मोत्यांच्या जाळीचा दुसरा पेला. ही मुलगी पुढे राणी झाली आणि स्वतः धर्ममाता झाली, ती स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या मुलाची. १७ डिसेंबर १५६६ ला स्टर्लिंगच्या किल्ल्यात त्या सहा महिन्यांच्या जेम्सचा बाप्तिस्मा झाला. एलिझाबेथने भेट म्हणून पाठवलं ते बाप्तिस्म्याचं पात्रच, सबंध सोन्याचं, वजन ३३३ औंस. आजच्या हिशेबाने दहा किलोंहून जास्त. विधी कॅथलिक पद्धतीचा होता, म्हणून ते घेऊन आलेला एलिझाबेथचा प्रॉटेस्टंट वकील, बेडफर्डचा अर्ल, चॅपेलच्या आत गेलाच नाही. तिच्या वतीने बाळाला हातात धरणाऱ्या सरदारणीला पुढे प्रॉटेस्टंट चर्चपुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

काही महिने गेले. मेरीला सैन्याचा पगार द्यायचा होता. ते सोन्याचं पात्र वितळवून नाणी पाडली गेली. १५६७ च्या एप्रिलमध्ये मेरीने मुलाला पाहिलं ते शेवटचं. जुलैत तेरा महिन्यांच्या जेम्सला राजा केलं गेलं आणि पुढच्या वर्षी मेरी इंग्लंडात पळून आली, एलिझाबेथच्या कैदेत. ८ फेब्रुवारी १५८७ ला तिचा शिरच्छेद झाला. हुकमावर सही धर्ममातेची होती.

इतकी वजनदार भेट क्वचितच कुणा बाळाला मिळाली असेल. जिच्या घरी ती गेली त्या आईच्या वाट्याला तिच्यातून शिपायांचा थोडा पगार आला, आणि तिच्या लेकराला आई राहिली नाही. राजकारण्यांना राजकारण करावं लागतं, हे मान्य. पण मूल हातात घेऊन त्याच्यासाठी देवासमोर शब्द देण्याचा विधी ज्यांनी दूत पाठवून उरकला, त्यांच्याकडून त्या शब्दाचं ओझं उचललं गेलं नाही, हे चारशे वर्षांनीही स्पष्ट दिसतं. आपल्याकडे लग्नाकार्यांत मंत्र्यांचे हार-तुरे स्वीय सहायकाकडून येतात, तेव्हा मला ते पात्र आठवतं.

शतकभरात इंग्लंडने धर्मपित्यांनाच हद्दपार करून पाहिलं. १६४२ मध्ये संसदेने राजाविरुद्धच्या युद्धासाठी लोकांकडून चांदी मागितली, बायकांनी अंगुस्तानंसुद्धा आणून दिली. राजाच्या बाजूने ऑक्सफर्डच्या कॉलेजांची ताटं-पेले वितळले. कितीतरी बारशांचे चमचे त्या भट्टीत गेले असणार. १६४५ च्या नव्या उपासनापद्धतीत बाळाला बापानेच पुढे आणायचं ठरलं; धर्मपिता-धर्ममाता नकोत. राजेशाही परतल्यावर तेही परतले. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत २९ मे १६६१ ची नोंद आहे. वॉल्थमस्टोला बाप्तिस्मा. सुईणीला, दाईला, घरच्या मोलकरणीला त्याने रोख दिले. पण बाळाला स्वतःचं नाव मिळेल अशी त्याची अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही. तेव्हा खिशात आणलेले सहा चांदीचे चमचे आणि कानाची वाटी तो तशीच घरी घेऊन गेला.

पीप्सला मी कंजूष म्हणणार नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे भेट ही नावाशी बांधलेली होती. नाव नाही, तर बांधिलकीही नाही. आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, तिला साडी मिळते. आत्याला डावललं तर काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पीप्सची खिशातली वाटी कळेल.

भेटीचा खरा अर्थ मला सर्वांत जास्त कळला तो मात्र जिथे द्यायला काहीच नव्हतं तिथे. थॉमस कोरम या दर्यावर्दी माणसाने १७३९ मध्ये राजाची सनद मिळवून लंडनला टाकलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं. २५ मार्च १७४१ ला पहिली मुलं घेतली. दाखल झालेल्या प्रत्येक बाळाचा तिथे बाप्तिस्मा होई आणि त्याला नवं नाव मिळे. जुनं नाव संपलं. आई पुढे कधी न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून ती एखादी खूण ठेवून जाई. अर्धं कापलेलं नाणं, घासून त्यावर कोरलेली अक्षरं, फितीचा तुकडा, स्वतःच्या कपड्यातून कापलेलं फुलांचं छापील कापड. दुसरा अर्धा तुकडा आईजवळ. प्लॉटसच्या नाटकातली सोन्याची तलवार इथे चिंधी होऊन आली आहे. १७४१ ते १७६० या काळात तिथे १६,२८२ मुलं आली. त्यांतली परत नेली गेली १५२. बाकीचे तुकडे वह्यांना टाचलेले राहिले, अजून आहेत. मुलांना ते दाखवले जात नसत. आपल्या नावाने कुणीतरी काही ठेवून गेलं आहे, हे ठाऊक नसतानाच ती मोठी झाली.

त्यानंतरचा इतिहास दुकानाचा आहे. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि बाप्तिस्म्याचा मग, काटा, चमचा मखमलीच्या डबीत बसून मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. राजेलोक तेव्हाही आपल्या परीने चालले होते. १८४२ मध्ये विंडसरला व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला; धर्मपिता प्रशियाचा राजा. त्याने रत्नं जडवलेली चांदीची भलीमोठी ढाल करवून घेतली, ती हातात पडेपर्यंत १८४७ उजाडलं आणि बाळ पाच वर्षांचं झालं. मुंबईतला काळा घोडा ज्याच्या पुतळ्यामुळे काळा घोडा झाला, तोच हा मुलगा. ढाल राजघराण्याच्या संग्रहात आहे.

तिच्याशेजारी मला फ्लॉरेन्सचं एक लाकडी तबक ठेवावंसं वाटतं. १४४९ मध्ये लॉरेन्झो दे मेदिची जन्मला, त्या आनंदात ते रंगवून घेतलं होतं. अशी तबकं बाळंतिणीपुढे खाऊ न्यायला वापरत. लॉरेन्झो १४९२ मध्ये वारला तेव्हा केलेल्या यादीत ते तबक त्याच्या स्वतःच्या खोल्यांत सापडलं. युरोपातली उत्तमोत्तम चित्रं ज्याच्या दारी चालत येत, त्याने जन्माचं तबक त्रेचाळीस वर्षं डोळ्यांसमोर राहू दिलं.

आज आपण काय देतो? वाळ्यांच्या जागी पाकीट आलं, पाकिटाच्या जागी फोनवरून पाठवलेली रक्कम येते आहे. पैशाला नावं ठेवण्याचं कारण नाही. जर्मन मुलखात धर्मपिते दुपट्यात नाणंच बांधत, आणि त्यासाठी त्यांच्या भाषेत ‘आत बांधलेलं’ अशा अर्थाचा खास शब्द होता. पण ते नाणं कागदात गुंडाळलेलं असे. कागदावर बाळाचं नाव, धर्मपित्याचं नाव, दिवस आणि आशीर्वाद. कित्येक घरांत नाणं खर्च झालं आणि कागद जपला गेला. फोनवरच्या रकमेत नेमका तो कागदच गळतो. देणारा बँकेच्या विवरणातली एक ओळ होतो, आणि मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा ती ओळ कुणाला सापडणार आहे?

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. लांबच्या गावी राहणाऱ्यांना, परदेशी गेलेल्यांना दुसरा मार्ग नसतो. पण ज्यांना जाता येतं त्यांनी जावं, आणि दिलेल्या वस्तूवर आपलं नाव घालायला लाजू नये, असं मला कळकळीने वाटतं. अलीकडे भेटीवर नाव घालणं जुनाट, मिरवल्यासारखं समजतात. दोन हजार वर्षांचा पुरावा उलट सांगतो. नाव घालणारा मिरवत नाही, तो अडकवून घेतो. पुढे त्या मुलीला गरज पडली, तर वाटी उलटी करून ती विचारू शकते की हे कोण, आणि आहेत कुठे?

मराठीत एक बोलणं आहे: ‘मी तुझ्या बारशाला जेवलोय.’ बहुधा दटावताना वापरतात. पण त्यात एक मोठा हक्क आणि मोठी जबाबदारी आहे. असं म्हणणारा बाप नसतो, काका नसतो, गुरू नसतो. तो साक्षीदार असतो. धर्मपित्याचं नातं चर्च देतं आणि ते त्याच्या श्रद्धेतल्या माणसालाच द्यावं हे योग्यच आहे. साक्षीदाराचं नातं कुणी देत नाही. पंगतीत बसून ते घ्यावं लागतं. बेडफर्डचा अर्ल चॅपेलच्या बाहेर थांबला. मला वसईत कुणी बाहेर थांबवणार नाही, उलट पुढे बसायचा आग्रह होईल. मेणबत्ती पेटवली जाईल, बाळाच्या अंगावर पांढरं वस्त्र येईल, आणि ते वस्त्र एके काळी कशाकशासाठी वापरत हे आठवून मी मनातल्या मनात तिला दीर्घायुष्य चिंतीन.

शेवटी चांदीची वाटी आणि चमचा ठरला. आपल्याकडे उष्टावणाला तोच देतात आणि पीप्सच्या खिशातही तोच ऐवज होता. सराफाने वजन केलं, शिक्का दाखवला. अक्षरं कोरणारा कारागीर आतल्या बाजूला बसतो. त्याने वाटी हातात घेऊन बुडाशी किती जागा आहे ते बघितलं आणि विचारलं, काय घालायचं? मी कागद पुढे केला. त्यावर तारीख होती, आम्हा दोघांची नावं होती. बाळाचं नाव नव्हतं. विधीची सुरुवातच आई-बापांना बाळाचं नाव विचारून होते आणि मित्राने ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग आज घालू नका, तो म्हणाला. अर्धवट नाव घातलेली वस्तू देऊ नये. आधी वाटी घेऊन जा, पोरीला दाखवा, नाव ऐका. मग आणा परत, तासाभरात कोरून देतो.

म्हणजे वसईला दोनदा जावं लागणार.